कौल उजवा आला, पण गाऱ्हाणे कोणी घातले?

वाचकाचे पत्र (थोडे संक्षिप्त करून)

आदरणीय ताई, सादर नमस्कार. मी कुडाळ तालुक्यातला, पिढीजात सुतार. नववीपर्यंत शिकलो. वडील वारल्यावर १९९८ साली, सतराव्या वर्षी, मामांबरोबर मुंबईला आलो आणि तेव्हापासून भांडुपला राहतो. मुंबईला निघण्यापूर्वी आईने गावच्या रवळनाथ देवाला कौल लावला होता. पुढे लग्नाच्या वेळी आणि भांडुपची खोली घेतानाही लावला, आणि तिन्ही वेळा देवाने सांगितले तसेच झाले. देवळाच्या पालखीची डागडुजी करण्याचा मान आमच्या घराण्याकडे आहे, त्यामुळे गणपतीला आणि शिमग्याला गावी जाणे मी आजवर चुकवलेले नाही.

हल्ली फर्निचर कारखान्यातून तयार होऊन येते आणि आम्हाला फक्त बसवायला बोलावतात. महिन्याला बावीस दिवस काम मिळते, रोज बाराशे रुपये. एका ठेकेदाराकडे साठ हजार अडकले आहेत. मुलगी बारावी सायन्सला आहे आणि तिला इंजिनिअरिंगला जायचे आहे. मुलगा आठवीत आहे. एका एजंटने दुबईत सुताराची दोन वर्षांची नोकरी आणली आहे. ओव्हरटाइम धरून पंचवीसशे दिरहम मिळतील असे तो तोंडी सांगतो, कागदावर सोळाशे आहेत, त्यात मूळ पगार नऊशे. राहण्याची सोय कंपनीची, जेवण आपले. ट्रेड टेस्टमध्ये कॉलमची पेटी ठोकायला लावली, रंधा हातातही घ्यावा लागला नाही, त्यामुळे ती सोपी गेली. एजंट नव्वद हजार मागतो. त्यातले दहा हजार मी दिले आहेत, पासपोर्टही त्याच्याकडे आहे, आणि उरलेले ऐंशी हजार महिना शेकडा दोन रुपये व्याजाने घेणार आहे. आधी व्हिजिट व्हिसावर जायचे, तिथे गेल्यावर तो बदलून मिळेल, असे तो म्हणतो.

मे महिन्यात गावी गेलो तेव्हा देवाला कौल लावला. उजवा आला, म्हणजे होकार मिळाला. आई म्हणते, देवाने वाट दाखवली आहे, आता मागे बघू नकोस. पत्नी म्हणाली, "कौल तुम्ही लावलात, मला कोणी विचारले?" त्यानंतर ती या विषयावर बोलतच नाही. मी देवाचे ऐकावे की घरच्यांचे? शिवाय तिथे गळ्यात माळ घालता येईल का, देवाचा फोटो ठेवता येईल का, हेही कळवावे.

एक सुतार, भांडुप

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण स्वतः लिहिलेले नाही, ते आपल्या पत्नीचे आहे, आणि माझ्या उत्तराची सुरुवात मी त्याच वाक्यापासून करणार आहे. मीही सिंधुदुर्गातच जन्मले आणि वाढले. पाषाणावर लावलेल्या पाकळ्यांतली कोणती आधी सुटते याकडे श्वास रोखून पाहणारी माणसे मी लहानपणापासून पाहिली आहेत, म्हणून कौलाची थट्टा करण्याचा विचार माझ्या मनात येणार नाही. परंतु कौल लावण्यापूर्वी गाऱ्हाणे घातले जाते, आणि गाऱ्हाणे एकट्याचे नसते. गुरव किंवा मानकरी देवासमोर अडचण मांडतो आणि प्रत्येक वाक्याला मागे उभी असलेली सगळी मंडळी "होय म्हाराजा" म्हणतात. त्या होकारातून मागणे सर्वांचे होते, आणि गाऱ्हाण्यात जेवढे मांडले असेल तेवढ्यावरच देवाला उत्तर द्यायचे असते.

मे महिन्यातल्या त्या गाऱ्हाण्यात काय काय मांडले होते, हे आपण प्रामाणिकपणे आठवून पाहावे. परदेशी जाऊ का, एवढेच विचारले असेल, असा माझा अंदाज आहे. एजंटचे नव्वद हजार, महिना दोन टक्क्यांचे व्याज, व्हिजिट व्हिसा आणि कागदावरचे नऊशे दिरहम यांपैकी काहीही रवळनाथापुढे ठेवले गेले नसावे. ज्या व्यक्तीला दोन वर्षे दोन मुलांसह भांडुपचे घर एकटीने चालवायचे आहे, तिने त्या गाऱ्हाण्याला "होय म्हाराजा" म्हटलेले नाही. आपण देव आणि घर असे दोन पक्ष समोरासमोर उभे केले आहेत, पण मला तसे दिसत नाही. प्रश्नच अर्धा विचारला गेला आहे. तेव्हा देवाची आज्ञा मोडल्याचे ओझे मनावर घेऊ नये. उरलेला अर्धा प्रश्न आधी कागदावर मांडू या, कारण त्याचे उत्तर मिळवायला कौलाची गरज नाही, पेन्सिल पुरेल.

आपण पाठवलेलेच आकडे घेते. इथे बावीस दिवसांचे २६,४०० रुपये होतात. रेल्वेचा पास, चहापाणी, बाहेरचे खाणे आणि हत्यारांचा खर्च मिळून पाच हजार वजा केले, तर घरात २१,४०० येतात. तिथे कागदावर १,६०० दिरहम आहेत. जेवणाचे साडेतीनशे, फोनचे पन्नास आणि साबण, औषध, केस कापणे अशा किरकोळ गोष्टींचे शंभर काढले, तर हातात १,१०० राहतात. दिरहमचे साधारण चोवीस रुपये धरले, तर ते २६,४०० रुपये झाले. थोडक्यात, दुबईला जाऊन घरात महिन्याला पाच हजार रुपये जास्त येणार. दोन वर्षांचे ते एक लाख वीस हजार. त्यातून एजंटचे नव्वद हजार गेले आणि ऐंशी हजारांचे कर्ज वर्षभरात फेडले तरी दहा हजारांच्या वर व्याज गेले. तिथल्या कायद्याप्रमाणे नोकरीच्या प्रत्येक वर्षाला एकवीस दिवसांच्या मूळ पगाराइतके उपदान (ग्रॅच्युइटी) मिळते, पण ते नऊशेवर मोजले जाते, सोळाशेवर नाही. दोन वर्षांचे ते १,२६० दिरहम, म्हणजे तीस हजार रुपये झाले. सगळी बेरीज-वजाबाकी केल्यावर दोन वर्षांच्या शेवटी जेमतेम पन्नास हजार रुपये शिल्लक दिसतात.

पंचवीसशेचा आकडा तोंडीच का सांगितला गेला, हेही यातून कळते. संयुक्त अरब अमिरातीत २ फेब्रुवारी २०२२ पासून जो कामगार कायदा लागू आहे, त्यानुसार ओव्हरटाइम सर्वसाधारणपणे दिवसाला दोन तासांहून अधिक घेता येत नाही आणि त्यासाठी मूळ पगाराच्या दराने तासाचे पैसे व वर निदान पंचवीस टक्के द्यावे लागतात. नऊशेच्या मूळ पगाराला तासाचे पावणेचार दिरहम पडतात आणि ओव्हरटाइमचे पावणेपाचच्या आत. महिन्याचे सव्वीस दिवस रोज दोन तास जादा काम केले, तरी अडीचशे दिरहमच्या पुढे रक्कम जात नाही. सोळाशेचे साडेअठराशे होतील, पंचवीसशे होणार नाहीत. त्या अडीचशेंचे दोन वर्षांत सुमारे एक लाख चव्वेचाळीस हजार रुपये होतील, हे मी मान्य करते, आणि आपल्यासारख्या घराला ती रक्कम लहान नाही. मात्र ते रोज दहा तास, महिन्याला सव्वीस दिवस कष्ट केल्याचे पैसे असतील. इथे भांडुपमध्ये राहून महिन्याला आणखी चार दिवस काम मिळाले, तर ४,८०० रुपये वाढतात, म्हणजे दुबईने देऊ केलेली महिन्याची वाढ जवळजवळ भरून निघते. हा हिशोब मांडताना माझाही हात थांबला होता, म्हणून मी तो दोनदा करून पाहिला.

आता ट्रेड टेस्टविषयी. ती सोपी गेली असे आपण लिहिता, आणि मला तीच गोष्ट खटकली. ज्या परीक्षेत रंधा, पटाशी आणि गुण्या लागत नाहीत आणि कॉलमची पेटी ठोकून दाखवावी लागते, ती फर्निचरच्या सुताराची परीक्षा नसते, शटरिंगच्या, म्हणजे काँक्रीटसाठी फळ्यांचे साचे ठोकणाऱ्या, सुताराची असते. कागदावर दोघांनाही कारपेंटरच म्हणतात. पण एकाचे काम कारखान्यात, छपराखाली, लाकडाशी आणि पॉलिशशी असते, आणि दुसऱ्याचे चढत्या इमारतीवर, उघड्यावर, जड फळ्या आणि टेकू वाहत. तिथे १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम घेण्यास बंदी आहे. ज्या उन्हासाठी असा नियम करावा लागतो, ते ऊन काय असेल याची कल्पना आपण मुंबईच्या मे महिन्यावरून करू नये. चव्वेचाळीसाव्या वर्षी, सत्तावीस वर्षे फर्निचरवर बसलेला हात शटरिंगवर न्यायचा, हा निर्णय डोळे उघडे ठेवून घेता येतो. पण आपल्याला तसा निर्णय घ्यायचा आहे, हेच अद्याप कोणी सांगितलेले दिसत नाही.

एजंटविषयी मी मऊ शब्द वापरणार नाही. आपण दहावी उत्तीर्ण नसल्यामुळे आपल्या पासपोर्टवर उत्प्रवास परवानगी, म्हणजे कामासाठी परदेशी जाण्याची सरकारी परवानगी, आवश्यक असल्याची नोंद असणार, आणि अमिराती ज्या देशांसाठी ही परवानगी लागते त्यांच्या यादीत आहे. आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे. त्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्याला सरकारी नोंदणी लागते आणि त्याला कामगाराकडून घेता येणारे सेवाशुल्क तीस हजार रुपये अधिक जीएसटी एवढ्यावर मर्यादित आहे. नव्वद हजार हे त्याच्या दुपटीहून अधिक झाले. दुसरीकडे, अमिरातीच्या ज्या कायद्याचा मी वर उल्लेख केला, त्यात भरतीचा खर्च मालकाने सोसायचा आहे. तो कामगाराकडून सरळ किंवा आडमार्गाने वसूल करण्यास तिथे मनाई आहे, आणि कामगाराचा पासपोर्ट मालकाने अडकवून ठेवण्यासही मनाई आहे. ज्या माणसाने मुंबईतच आपला पासपोर्ट ठेवून घेतला आहे, तो पुढे आपल्याला कोणाच्या हाती सोपवील, याचा विचार करावा. व्हिजिट व्हिसावर तिथे काम करणे बेकायदा आहे. तो "बदलून" मिळेपर्यंत आपण तिथे कामगार म्हणून कोणत्याही दप्तरात नसाल, पगार बुडाला तर दाद मागायला करार नसेल, आणि उत्प्रवास परवानगी घेतलेली नसल्यामुळे प्रवासी भारतीय विमा योजनेचे छत्रही नसेल. त्या योजनेत दोन वर्षांसाठी २७५ रुपये भरून अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व यांसाठी दहा लाखांचे संरक्षण मिळते. पावणेतीनशे रुपयांत जे मिळते ते नव्वद हजार भरूनही मिळणार नसेल, तर हा सौदा कोणाच्या सोयीचा आहे हे उघड आहे.

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात उत्प्रवासी संरक्षकांचे कार्यालय आहे. एक दिवसाचा रोज बुडवून तिथे जावे. एजंटचे नाव, त्याचा नोंदणी क्रमांक आणि नोकरीचा कागद दाखवून दोनच प्रश्न विचारावेत. हा माणूस नोंदणीकृत आहे का, आणि या कंपनीने ही जागा सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर दाखवलेली आहे का? एजंट नोंदणी क्रमांक द्यायला टाळाटाळ करू लागला, तर तिथे जाण्यापूर्वीच उत्तर मिळाले असे समजावे. दिलेल्या दहा हजारांची पावती आणि पासपोर्ट या दोन्ही गोष्टी आधी लेखी मागाव्यात. पैसे परत येण्यास वेळ लागेल, कदाचित पूर्ण येणारही नाहीत, पण पासपोर्ट आपल्याकडे आलाच पाहिजे. तो देण्यास नकार मिळाला, तर पोलीस ठाण्यात तक्रार करण्यास संकोच करू नये.

आपल्याला परदेशी जाण्याची गरज का वाटली, त्याचे मूळ मुलीच्या शिक्षणात आहे असे पत्रावरून वाटते. इथे मला आपल्याला एक चांगली बातमी द्यायची आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून इतर मागास वर्ग, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना, शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश मिळाल्यास, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. अभियांत्रिकी त्यात येते. खाजगी महाविद्यालयेही येतात, मात्र अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित खाजगी विद्यापीठे येत नाहीत, तेव्हा पर्याय भरताना एवढे लक्षात ठेवावे. सुतार ही जात राज्याच्या इतर मागास वर्गाच्या यादीत आहे. आपले उत्पन्न आठ लाखांच्या जवळपासही नाही. ज्या शुल्काच्या धास्तीने आपण समुद्र ओलांडायला निघाला आहात, त्याचा सर्वांत मोठा भाग कदाचित भरावाच लागणार नाही. पुस्तके, प्रवास, लॅपटॉप हा खर्च उरतो आणि तो लहान नाही, पण त्याची जुळणी भांडुपला राहून करता येण्यासारखी आहे.

मात्र त्यासाठी कागद लागतात, आणि कागदांचे काम गावाशी बांधलेले आहे. इतर मागास वर्गाच्या जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी कुटुंबाचे वास्तव्य कुठे होते याचा पुरावा मागतात, त्यामुळे आपला दाखला सिंधुदुर्गातून निघेल. आजोबांच्या किंवा चुलत आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरमधली नोंद, जन्ममृत्यूच्या दप्तरातला उतारा, जुने फेरफार, यांपैकी जे सापडेल ते शोधायला सांगावे. त्यानंतर जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र. मुलगी बारावीला आहे, म्हणजे हे काम आजच सुरू झाले पाहिजे, कारण प्रवेशाच्या हंगामात या कार्यालयांबाहेर किती रांग असते हे ज्याने पाहिले आहे तोच सांगू शकेल. आईंना देवाची काळजी आहे, ती असू द्यावी. जोडीला त्यांना शाळेच्या हेडमास्तरांकडे जाऊन आजोबांची नोंद काढण्याचे काम सोपवावे. त्या ते आनंदाने करतील, असे मला वाटते.

कामाविषयी मी सुतार नाही, त्यामुळे अदबीनेच लिहिते. कारखान्यातून आलेले फर्निचर सरळ भिंतीसाठी बनवलेले असते, आणि मुंबईतल्या जुन्या इमारतींत गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, असलेली भिंत शोधून सापडत नाही. तिथे शेवटी हाताचा सुतारच लागतो. सागवानी दारांची दुरुस्ती, वाळवी लागलेल्या चौकटी, लहान स्वयंपाकघरातली अडनिडी कपाटे, देव्हारे, ही कामे कारखाना घेत नाही, कारण त्याला ती परवडत नाहीत. अशा कामांत ग्राहक आणि आपण यांच्यामध्ये ठेकेदार नसतो, आणि साठ हजार अडकण्याचा प्रसंगही सहसा येत नाही. माप, दर, मालाची प्रत आणि आगाऊ रक्कम एका कागदावर लिहून त्यावर ग्राहकाची सही घेण्याची सवय लावावी. आपल्या पिढीतल्या कारागिरांना असे लिहून घेणे म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणे वाटते. माझ्या मते ती भिडस्तपणाची महागडी हौस आहे. अडकलेल्या साठ हजारांसाठीही प्रथम तारीखवार हिशोब लिहून ठेकेदाराला द्यावा आणि त्याच्या पोचेचा फोटो ठेवावा. तोंडी मागणीला तो आजवर हसून पुढची तारीख देत आला असेल.

भांडवल लागले, तर शेकडा दोन रुपयांच्या सावकाराआधी पीएम विश्वकर्मा योजनेकडे पाहावे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या या योजनेत अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत आणि त्यांत सुतारकाम आहे. पाच ते सात दिवसांचे प्रशिक्षण असते, त्या काळात रोज पाचशे रुपये विद्यावेतन मिळते, हत्यारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत मिळते, आणि पुढे तारणाशिवाय पहिले एक लाखाचे कर्ज अठरा महिन्यांसाठी वार्षिक पाच टक्के व्याजाने मिळते. आपण जे कर्ज काढायला निघाला होता, त्याचा वार्षिक दर चोवीस टक्के पडतो. शिवाय वर्षातले नव्वद दिवस बांधकामाच्या ठिकाणी सुतारकाम केल्याचा दाखला मिळाला, तर महाराष्ट्राच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी होऊ शकते, आणि तिथे मुलांच्या शिक्षणासाठीही मदत आहे. हा दाखला द्यायला ठेकेदार कुरकुर करतात, पण साठ हजार देणे बाकी असलेल्या माणसाकडे तेवढे तरी हक्काने मागता येते.

माळ आणि फोटो यांबद्दल थोडक्यात. दुबईत गळ्यात माळ घालण्यास किंवा आपल्या खाटेपाशी देवाचा फोटो ठेवण्यास सहसा कोणी हरकत घेत नाही. तिथे हिंदू मंदिरे आहेत, आणि अबुधाबीतही १४ फेब्रुवारी २०२४ रोजी एका मोठ्या मंदिराचे उद्घाटन झाले. खरी अडचण वेगळी आहे. वार्षिक रजा कोणत्या तारखांना द्यायची हे तिथे मालक ठरवतो, आणि त्याच्या दिनदर्शिकेत भाद्रपदाची चतुर्थी नसते. गणपतीवरच्या माटवीच्या पट्ट्या आणि पालखीचे दांडे तपासायला त्या दोन वर्षांत दुसरे कोणी तरी लागेल.

आता जे लिहिते आहे ते हिशोबाच्या वहीत बसणारे नाही. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत होते. आमच्या गावाच्या मंडळाच्या खोलीत तीसएक माणसे पाळीपाळीने झोपत, जेवण एका बाईंच्या खानावळीत होई, आणि आम्ही मुले आईबरोबर गावी असू. महिन्याला मनीऑर्डर येई. वडील गणपतीला येत, शिमग्याला येत, आणि घरात सगळे त्यांच्याशी फार अदबीने वागत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. वर्षभर वाट पाहून ते कायमचे गावी परतले. पहिल्याच आठवड्यात ते ताटावर बसले असताना त्यांना मीठ हवे होते, आणि आई विहिरीवर गेली होती. ते उठले, फडताळासमोर उभे राहिले, आणि कोणत्या डब्यात हात घालावा हे त्यांना कळेना. मी ओसरीवरून ते पाहत होते. त्यांनी मला हाक मारली नाही. ते परत येऊन बसले आणि अळणी आमटी जेवले. वीस वर्षे त्यांनी ते घर चालवले होते.

माझ्या वडिलांना दुसरा मार्ग नव्हता, आणि त्यांच्या पैशांवर आम्ही शिकलो, हे मी विसरलेली नाही. आपणही १९९८ साली निघालात तेव्हा आपल्याला दुसरा मार्ग नव्हता, आणि तेव्हाचा कौल खरा ठरला यात मला आश्चर्य वाटत नाही. आज मात्र आपल्याकडे मार्ग आहे. भांडुपची खोली आपली आहे, मुले आपल्यासमोर वाढत आहेत, आणि आठवीतला मुलगा ज्या वयात आहे त्या वयात बापाने घरी असणे म्हणजे काय, हे वडिलांना सतराव्या वर्षी गमावलेल्या माणसाला मी सांगायला नको.

म्हणून माझा सल्ला असा आहे. या एजंटमार्फत, या पैशांत, या व्हिसावर जाऊ नये. परदेशी जाण्याचे दार मी कायमचे बंद करीत नाही. नोंदणीकृत मार्गाने, कायद्यात बसेल एवढेच शुल्क देऊन, करारावर फर्निचरचे काम आणि निदान दीडपट मूळ पगार लिहिलेला असेल, तर त्या नोकरीचा विचार जरूर व्हावा, आणि तो आपण दोघांनी मिळून करावा. पण त्याआधी एका संध्याकाळी मुले अभ्यासाला बसली की वरचा हिशोब सौभाग्यवतींसमोर ठेवावा, आणि त्यांना पटवून देण्यासाठी ठेवू नये, तपासून पाहण्यासाठी ठेवावा. इतकी वर्षे त्या घरखर्च चालवीत आल्या आहेत. आपल्या पाच हजारांच्या आकड्यात कुठे चूक आहे, हे त्यांना आपल्याआधी दिसेल. मला कोणी विचारले, असे त्या म्हणाल्या, जाऊ नका असे म्हणाल्या नाहीत. हा फरक आपल्या नजरेतून सुटला असावा.

येत्या चतुर्थीला गावी गेल्यावर रवळनाथापुढे पुन्हा उभे राहावेसे वाटले, तर अवश्य राहावे. त्या वेळी पत्नीला शेजारी उभे करावे आणि गाऱ्हाण्यात सगळे मांडावे, पैसे, व्याज, मुलीचा प्रवेश, मुलाचे वय, पालखीचा मान, सगळे. आईंना हे पटायला अवघड जाईल असे मला वाटत नाही. अर्धवट गाऱ्हाणे देवाला चालत नाही, हे त्या आपल्याहून चांगले जाणत असतील.

तोवर या आठवड्यात एवढे एक काम करावे. एजंटकडे जाऊन पासपोर्ट परत आणावा, आणि घरी आल्यावर तो कपाटात नेमका कोणत्या खणात ठेवला आहे, हे पत्नीला दाखवून ठेवावे.